सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग पाळी का येत नाही?

पत्र: "डॉक्टर, मी २३ वर्षांची आहे. गाव लातूर जिल्ह्यात, दोन वर्षांपासून पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करते. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली, पण महिन्याच्या महिन्याला अशी कधी आलीच नाही. दोन-दोन, अडीच-अडीच महिने जातात. या वेळी तर तीन महिने होत आले. आई म्हणते, अभ्यासाचं टेन्शन आहे, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं. हनुवटीवर जाड केस येतात. ते मी चिमट्याने काढते, कुणाला कळू देत नाही. पुटकुळ्या खूप आहेत, त्यावर मेडिकलमधून आणलेलं क्रीम लावते. मान काळी पडली आहे, कितीही घासली तरी जात नाही. मागच्या वर्षी पोटात दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली. माझ्या रूममेटची पाळी अगदी वेळेवर येते, पण तिच्या सोनोग्राफीत पीसीओडी निघालं, तेव्हापासून ती सारखी रडते. मी जाडही नाही. मग मला झालंय तरी काय? पूर्वपरीक्षा झाल्यावर डॉक्टरकडे गेलं तर चालेल का? कृपया नाव छापू नका."

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातल्या खुणांवरून तुला पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम हा अंडाशयाचा आणि हार्मोनचा विकार, असण्याची शक्यता बरीच आहे. लोक ज्याला पीसीओडी म्हणतात ते हेच. तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण सोनोग्राफी नॉर्मल आली एवढ्यावर तू हा विषय मिटवू नकोस. आणि रूममेटला सांग, नुसतं सोनोग्राफीत काही दिसलं म्हणून तिला हा आजार आहे असं ठरत नाही. एकाच खोलीत राहणाऱ्या दोघींपैकी एकीला त्या कागदाने खोटा दिलासा दिला आणि दुसरीला नको ती भीती. मला याचं वाईट वाटतं, कारण हे सतत घडतं. मुलीला काय सांगायचं आहे ते ऐकण्याआधी रिपोर्ट उघडला जातो.

हे निदान कसं करतात ते नीट समजून घे, म्हणजे पुढचं तुझं तुलाच उमगेल. २००३ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला तज्ज्ञांनी एकत्र बसून निकष ठरवले. थोड्याफार सुधारणांसह आजही तेच वापरतात. गोष्टी तीन आहेत. स्त्रीबीज वेळच्या वेळी बाहेर न पडणं, म्हणजे बहुतेक वेळा पाळी लांबणं. अँड्रोजेन, म्हणजे ज्यांना आपण पुरुषी हार्मोन म्हणतो ती जास्त असणं, मग ते रक्ताच्या तपासणीत दिसो की अंगावर. आणि तिसरी, सोनोग्राफीत अंडाशयात खूप बारीक पिशव्या दिसणं. मोठ्या वयाच्या मुलीत यातल्या कोणत्याही दोन असल्या आणि तशीच लक्षणं देणारे दुसरे आजार नाहीत याची खात्री झाली, की निदान होतं. पहिल्या दोन असतील तर सोनोग्राफीची गरजच नाही, असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट म्हणतात. तुझ्या पत्रात त्या दोन्ही आहेत.

त्या पिशव्यांबद्दल दोन शब्द, कारण रूममेट बहुधा त्यांनाच घाबरली आहे. त्या गाठी नव्हेत आणि कॅन्सर तर नव्हेच. प्रत्येक तरुण मुलीच्या अंडाशयात अशा पाण्याच्या बारीक पिशव्या असतात आणि प्रत्येकीत एक बीज असतं. दर महिन्याला त्यातली एक मोठी होऊन फुटते आणि बीज बाहेर येतं. पीसीओएसमध्ये अनेक पिशव्या वाढायला लागतात, पण दोन ते नऊ मिलिमीटरच्या दरम्यान कुठेतरी थांबतात. मात्र निरोगी तरुण मुलींच्या अंडाशयातही त्या भरपूर दिसू शकतात. म्हणूनच पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफी करूच नये असं आता सांगितलं जातं. रूममेटची पाळी खरंच वेळेवर असेल, चेहऱ्यावर-अंगावर राठ केस वाढत नसतील आणि रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य अँड्रोजेन, ठीक असेल, तर तिच्याकडे तीनपैकी एकच गोष्ट आहे. एकीवर निदान होत नाही.

तुझी सोनोग्राफी झाली ती पोटदुखीसाठी. बघणाऱ्याने मूतखडा बघितला असेल, अपेंडिक्स बघितलं असेल. अंडाशयातल्या पिशव्या कुणी मोजत बसलं नसणार. शिवाय लग्न न झालेल्या मुलींची सोनोग्राफी आपल्याकडे पोटावरूनच करतात, ते भरपूर पाणी पिऊन लघवी धरून बसणं तुला आठवत असेल. त्या पद्धतीने एवढ्या बारीक पिशव्यांची मोजदाद नीट होत नाही. म्हणजे 'नॉर्मल' लिहिणाऱ्याने जे बघितलं ते नॉर्मल होतं, इतकंच. तुझ्या पाळीबद्दल त्या कागदाला काहीच म्हणायचं नव्हतं.

आता तुझी पाळी. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. मोठ्या मुलीत हे अंतर २१ ते ३५ दिवसांचं असावं. दर वेळी दोन-चार दिवस मागेपुढे झालं तर त्यात काही नाही. अंतर नेहमीच ३५ दिवसांच्या पुढे जात असेल किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर ती अनियमित. पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं मात्र वेगळी असतात. पहिल्या वर्षी तिला काही धरबंध नसतो, पुढची दोन वर्षं ४५ दिवसांपर्यंतचं अंतरही चालतं. तुझ्या धाकट्या बहिणी असतील तर त्यांच्या बाबतीत हे लक्षात ठेव, उगाच त्यांच्या मागे लागू नका.

टेन्शनने पाळी चुकते हे आईचं म्हणणं अगदीच चूक नाही. खूप ताण, उपासमार, झपाट्याने उतरलेलं वजन यांनी पाळी थांबू शकते. पण तू पुण्यात आलीस दोन वर्षांपूर्वी आणि पाळी लांबते आहे तेराव्या वर्षापासून. दहा वर्षांच्या तक्रारीचं कारण दोन वर्षांचा अभ्यास कसा असेल? एवढंच आईला विचार. तिला ते पटेल असं मला वाटतं.

डॉक्टरकडे जाताना आठवतील तेवढ्या पाळीच्या तारखा कागदावर लिहून ने. पूर्ण वर्षाच्या आठवल्या तर फारच छान. गौरी-गणपतीला किंवा घरातल्या लग्नाला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असशील, तर तेही त्या-त्या महिन्यासमोर लिही. त्या गोळ्या थांबवल्यावर दोन-चार दिवसांत जे रक्त जातं ते गोळ्यांमुळे येतं. त्याला पाळी धरलं की हिशेब चुकतो आणि 'तशी येते की कधीकधी' असं उत्तर दिलं जातं. पाळी आणायच्या गोळ्यांचंही तसंच.

हनुवटीच्या केसांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. ती लिहायला तुला किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. मुली माझ्याशी पाळीबद्दल सहज बोलतात, पण केसांचा विषय निघाला की खाली बघतात. गंमत वाटावी अशी ही गोष्ट नाही, मेसमध्ये समोर कुणी बसलं की हनुवटीवर हात जातो, उजेडाकडे तोंड करून बसायची भीती वाटते. तू यात काहीही वाईट केलेलं नाहीस. तू स्वच्छ राहत नाहीस म्हणून हे झालेलं नाही, तुझ्या बाईपणात काही कमी आहे असंही नाही. रक्तातलं अँड्रोजेन वाढलं, किंवा तुझ्या केसांची मुळं त्याला जास्त दाद देत असली, तर मऊ लव असायला हवी तिथे राठ, काळे केस उगवतात. ओठांच्या वर, हनुवटीवर, गालाच्या कडेला, छातीच्या मध्यभागी, बेंबीखालच्या रेषेत, मांडीच्या आतल्या बाजूला. हात-पायांवरची लव त्यात धरत नाहीत. आई, मावशी, आत्या यांना असे केस असतील तर ते सांग, कारण काही घराण्यांत ते असतातच आणि पीसीओएससुद्धा घराण्यात चालतो.

माझी एक विनंती आहे. आता डॉक्टरकडे जाऊन येईपर्यंत ते केस काढू नकोस. तेवढं शक्य नसेल तर, 'मी हे केस काढते, इतक्या-इतक्या दिवसांनी काढते' असं स्वतःहून सांग. बहुतेक मुली थ्रेडिंग करून, छान आवरून येतात आणि समोर तुळतुळीत हनुवटी दिसली की डॉक्टर पुढे जातात. निदानातला निम्मा पुरावा असा पार्लरमध्येच राहून जातो. चिमट्याने उपटल्यामुळे केस त्वचेखालीच वळतात, फोड येतात, काळे डाग पडतात. त्यापेक्षा तपासून आल्यावर ते बारीक कात्रीने कापले किंवा चेहऱ्याच्या रेझरने काढले तरी चालतील. रेझरने केस जाड होतात हे खरं नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून तसं वाटतं. डोक्यावरचे केस भांगाजवळ विरळ होत असतील, भांग रुंद दिसू लागला असेल, तर तोही याच गोष्टीचा भाग असू शकतो.

क्रीमचं वाचून मला काळजी वाटली. ती ट्यूब आत्ता हातात घे आणि मागचं बारीक अक्षर वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यातलं काही लिहिलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. मेडिकलवाल्याने प्रेमाने दिलेलं असो की मैत्रिणीने सुचवलेलं, चेहऱ्यावर ते महिनोन्‌महिने लावलं की त्यानेच पुटकुळ्या येतात, त्वचा पातळ आणि लाल होते, गालावर लव वाढते. तुझ्या पुटकुळ्यांपैकी किती अँड्रोजेनमुळे आणि किती ट्यूबमुळे हे सांगायला डॉक्टरांना ती ट्यूब बघावी लागेल, म्हणून बरोबर ने. अचानक थांबवल्यावर चेहरा भडकतो आणि मुली घाबरून पुन्हा लावतात, म्हणून ती कशी थांबवायची ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारून ठरव. पीसीओएसमधल्या पुटकुळ्या बऱ्याचदा जबड्याच्या कडेला आणि हनुवटीवर येतात, मोठ्या आणि दुखऱ्या असतात, आणि विशी ओलांडली तरी जात नाहीत.

आणि मान घासणं आजपासून बंद. तो मळ नाही. मानेवर, काखेत, कधी जांघेत त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी होते ती रक्तात इन्सुलिन जास्त असल्याची खूण असते. लिंबू, उटणं, स्क्रब यांनी ती जाणार नाही, फक्त सोलवटेल. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त बनवतं. हे जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजेन बनवायला भाग पाडतं, आणि यकृतातून येणारं, अँड्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी करतं. म्हणजे मोकळं अँड्रोजेन दोन्हीकडून वाढतं, बीज अर्ध्यावर अडकतं, पाळी लांबते, केस उगवतात. तुझी मान, हनुवटी आणि पाळी या तीन वेगळ्या तक्रारी वाटल्या तरी धागा हा असा एकच असू शकतो.

'मी जाडही नाही' असं तू लिहिलंस. सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो, आणि त्यांच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आपल्या लोकांत वजन बेताचं असूनही पोटावर चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून आपल्यासाठी बॉडी मास इंडेक्सची, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची, मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात आणि बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत असावा असं मानतात. शिंप्याची टेप घेऊन मोजून बघ. घरात कुणाला मधुमेह आहे का तेही विचारून ठेव.

तपासण्यांत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) असायलाच हवं, कारण थायरॉइड बिघडला किंवा प्रोलॅक्टिन वाढलं तरी पाळी अशीच लांबते. १७ हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉन नावाची एक तपासणी असते. मूत्रपिंडावर असणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात दोष हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो, तो त्यात कळतो. टेस्टोस्टेरॉन बघतील. साखरेसाठी नुसती उपाशीपोटीची तपासणी पुरत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती चाचणी माग. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही बघून घे. गरोदरपणाची चाचणीही करायला सांगतील, त्याचा राग मानू नकोस. पाळी चुकलेल्या प्रत्येक तरुण बाईची ती करतात आणि करायलाच हवी. शरीरसंबंधाबद्दल विचारलं तर खरं सांग. ते तुझ्यात आणि डॉक्टरांत राहतं. या निदानासाठी आतून तपासणी करावी लागत नाही, त्या भीतीने जाणं टाळू नकोस. सगळं खासगीत परवडणार नसेल तर ससूनच्या स्त्रीरोग ओपीडीत जा.

थोड्याच महिन्यांत आवाज घोगरा होणं, केस झपाट्याने वाढणं, टक्कल पडायला लागणं, स्तनातून दूध येणं, त्याबरोबर डोकं दुखून नजर धूसर होणं, यातलं काही असेल तर ते साधं पीसीओएस धरू नये. तू तसं काही लिहिलेलं नाहीस, पण विचारते, कारण मुली या गोष्टी स्वतःहून सांगत नाहीत. घोरणं आणि दिवसभर पेंग येणंही सांगावं. मन खचतं तेही सांगावं. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात, त्यात मनाचा कमकुवतपणा नसतो. तुझी मैत्रीण रोज रडत असेल तर तिला १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक दे, तिथे मराठीत बोलता येतं.

लग्नाचं आता बोलते. लग्नाने पाळी सुधारत नाही. आणि पीसीओएस आहे म्हणजे मूल होणार नाही, असंही नाही. बहुतेक जणींना मुलं होतात, काहींना बीज बाहेर पडण्यासाठी लेट्रोझोलसारख्या गोळ्यांची मदत लागते. तुझ्याबाबत कुणी 'आताच लग्न उरका, नंतर अवघड होईल' म्हणालं तर ऐकू नकोस. पाळी अनियमित आहे म्हणून दिवस राहणारच नाहीत, हेही खरं नाही. गरज असेल तेव्हा गर्भनिरोधक वापरायलाच हवं. पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. मुलीची पाळी ही फक्त तिच्या होणाऱ्या मुलाच्या निमित्ताने महत्त्वाची धरली जाते. तुझी साखर, तुझा रक्तदाब, तुझ्या गर्भाशयाचं अस्तर, तुझी झोप हे सगळं तुझं आहे आणि आत्ताचं आहे.

उपचारांबद्दल थोडक्यातच, कारण ते तुला तपासून ठरतील. पाळी नियमित ठेवायला आणि केस-पुटकुळ्या कमी करायला हार्मोनच्या गोळ्या देतात. त्यांची 'सवय' लागत नाही आणि त्यांनी वंध्यत्व येत नाही. मात्र अर्धशिशी असेल किंवा तू सिगारेट ओढत असशील तर त्या सुरू करण्याआधी सांग. शरीराने इन्सुलिनला नीट दाद द्यावी म्हणून मेटफॉर्मिनच्या गोळ्या देतात. केसांवर परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, तोवर धीर सोडू नको. 'पीसीओडी मुळासकट बरा' म्हणणाऱ्या पावडरी आणि महागडे डाएट प्लॅन घेऊ नकोस. कुठलाही एक आहार यात दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. मेसमध्ये भाताचा ढीग कमी करून भाकरी, उसळ आणि वरण वाढवून घे, अभ्यासिकेत तासन्‌तास एका जागी बसू नकोस, आठवड्याला मिळून अडीच तास भरभर चाल. हे तुला परीक्षा सांभाळून जमेल.

पूर्वपरीक्षेनंतर गेलं तर चालेल का, असं विचारलंस. नाही, या आठवड्यातच जा. बीज बाहेर पडलं नाही की गर्भाशयाच्या अस्तराची वाढ आवरणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर नुसतंच वाढत राहतं. वर्षानुवर्षं तसं चालू राहिलं तर पुढे त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तुझ्या वयात तो अगदी कमी आहे, तरी ९० दिवसांहून जास्त पाळी नाही असं वारंवार होऊ देऊ नये. गरोदरपण नाही याची खात्री करून डॉक्टर बहुधा काही दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतील आणि त्या संपल्यावर पाळी येईल. पण हार्मोनची रक्ततपासणी आधी हवी की नंतर, हे त्या गोळ्या सुरू करण्यापूर्वीच विचार. इतक्या दिवसांनी येणारी पाळी जड असू शकते, म्हणून ती अभ्यासिकेत गाठणार नाही अशा दिवसांचा अंदाज घेऊन ठेव. सलग दोन तास, तासाला एक पॅड भिजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता रूममेटला बरोबर घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ.